बातम्या पाहणे सोडले तर ती समाजाशी बेइमानी ठरते का?

“मॅडम, हे सगळं बघायचं सोडलं, तर ती आपल्याच समाजाशी बेइमानी नाही का?”

सप्टेंबर २०२३ पासून जालन्यातील माझ्या समुपदेशन कक्षात हा प्रश्न अनेकांनी वेगवेगळ्या शब्दांत विचारला आहे. त्या महिन्याच्या १ तारखेला अंतरवाली सराटीत मराठा आरक्षणाच्या आंदोलकांवर लाठीमार झाला. पुढच्या वर्षी जूनमध्ये त्याच अंबड तालुक्यातील वडीगोद्रीत ओबीसी आरक्षणाला धक्का लागू नये म्हणून उपोषण सुरू झाले, आणि मधल्या काळात लोकसभेची निवडणूकही होऊन गेली. आरक्षणाविषयी माझे मत मी इथे मांडणार नाही, आणि ज्यांची हकिकत सांगते आहे त्यांचा समाज कोणता हेही मुद्दाम लिहिणार नाही. कारण माझ्याकडे दोन्हीकडची माणसे येतात आणि झोप उडणे, छातीत धडधडणे, घरातल्या माणसांवर विनाकारण ओरडणे या त्यांच्या तक्रारी सारख्याच असतात. ओळख पटू नये म्हणून बाकीचे तपशीलही बदलले आहेत. त्यांना आपण अप्पा म्हणू.

अप्पांचे वय चौपन्न, तालुक्याच्या गावी कृषी सेवा केंद्र, शिवाय चार एकर कोरडवाहू जमीन. जून २०२४ च्या अखेरीस त्यांच्या पत्नी आधी एकट्याच आल्या. “रातभर त्या मोबाइलचा उजेड तोंडावर असतो बघा. जेवणावर ध्यान नाही. पोरगं काही बोललं की अंगावर धावून जातात,” असे त्या म्हणाल्या. छातीत धडधडते म्हणून अप्पांनी डॉक्टरांना दाखवले होते. ईसीजी आणि रक्ताच्या तपासण्या ठीक आल्या होत्या, आणि डॉक्टरांनीच समुपदेशन सुचवले होते. हा क्रम योग्य आहे. धडधड हे मनाचेच दुखणे आहे असे गृहीत धरून कोणीही थेट माझ्याकडे येऊ नये.

पुढच्या आठवड्यात अप्पा आले, आणि खुर्चीवर बसण्यापूर्वीच त्यांनी विचारले, “मॅडम, तुमचं आडनाव काय?” दारावरच्या पाटीवर माझे केवळ नाव आहे. गेल्या दोन वर्षांत हा प्रश्न मला इतक्या वेळा विचारला गेला आहे की त्यामागची भीती आता ओळखू येते. आपण इथे मन मोकळे करायचे आणि समोरची व्यक्ती ‘त्यांच्यातली’ निघाली तर काय, ही ती भीती असते. मी आडनाव सांगितले, आणि इथे बोललेले बाहेर जाणार नाही, तुमचे मत बदलण्याचा प्रयत्न मी करणार नाही, तरीही अवघडल्यासारखे वाटले तर दुसऱ्या समुपदेशकाकडे पाठवीन, असेही सांगितले. ते थोडा वेळ गप्प राहिले आणि मग बसले.

पहिल्याच भेटीत मी त्यांना एक प्रश्न सरळ विचारला: जगणे नको असे वाटते का, आपण गेलो तर समाजाला जाग येईल असा विचार मनात येतो का? आरक्षणाच्या मागणीसाठी आपल्या भागात माणसांनी जीव दिला आहे, त्यामुळे हा प्रश्न मी कोणालाही विचारल्यावाचून सोडत नाही. विचारल्याने तो विचार डोक्यात शिरेल ही समजूत चुकीची आहे. उलट विचारल्यामुळे माणसाला बोलायला वाट मिळते. अप्पांचे उत्तर ‘नाही’ असे होते. ज्यांचे उत्तर ‘हो’ असेल, किंवा घरातल्या कोणाच्या तोंडी असे वाक्य आले असेल, त्यांनी हा लेख पुढे वाचण्याआधी टेलिमानसच्या १४४१६ या क्रमांकावर फोन करावा. ही सरकारी सेवा मोफत आहे, चोवीस तास चालते आणि तिथे मराठीत बोलता येते. त्या माणसाला एकटे ठेवू नये आणि मानसोपचारतज्ज्ञांकडे न्यावे.

अप्पांना मी एक वही करायला सांगितली: मोबाइल किती वाजता हातात घेतला, काय पाहिले, आणि त्यानंतर शरीरात काय जाणवले. रात्री साडेनऊ ते साडेबारा आणि पुन्हा पहाटे तीनच्या सुमारास, या दोन वेळा तर अपेक्षितच होत्या. मला विचारात पाडले ते मधल्या रकान्याने. अप्पा ज्याला ‘बातम्या’ म्हणत होते त्यातला मोठा भाग बातम्यांचा नव्हताच. ते गावातल्या, बाजारपेठेतल्या आणि पाहुण्यारावळ्यांतल्या माणसांचे स्टेटस पाहत होते. कोणी कोणाचा फोटो ठेवला, कोणी ठेवला नाही, कोणी काल ठेवून आज काढला, अशी अख्ख्या गावाची हजेरी ते रोज रात्री घेत होते. यादी वाचताना एकच नाव रोज सगळ्यांत वर येते, हे माझ्या लक्षात आले. ते नाव त्यांच्या सव्वीस वर्षांपासूनच्या मित्राचे होते. हा मित्र दुसऱ्या समाजाचा. दुकान बंद केल्यावर दोघांचा चहा ठरलेला असे, आणि अप्पांच्या मुलीच्या लग्नात भटारखान्याची जबाबदारी त्यानेच उचलली होती. १३ मेच्या मतदानाआधी त्याने एक स्टेटस ठेवले, अप्पांनी त्यावर एक कडवट वाक्य लिहिले, आणि तेव्हापासून चहा बंद होता.

इथे माझी चूक झाली. रागाच्या तळाशी मैत्री तुटल्याचे दुःख आहे हे मला स्पष्ट दिसत होते, म्हणून दुसऱ्याच भेटीत मी त्यांना मित्राला फोन करण्याचे सुचवले. पुढच्या दोन भेटींना अप्पा आले नाहीत. दुःख दिसले म्हणून त्यावर लगेच हात ठेवू नये, हे मी इतरांना शिकवत असते. ते परत आल्यावर मी चूक कबूल केली आणि आम्ही झोपेपासून सुरुवात केली.

मी त्यांना २०१३ च्या बॉस्टन मॅरेथॉनमधील बॉम्बस्फोटांनंतर झालेल्या एका अभ्यासाविषयी सांगितले. स्फोटानंतरच्या आठवड्यात दररोज सहा किंवा त्याहून अधिक तास त्या घटनेचे वार्तांकन पाहणाऱ्या लोकांमध्ये, प्रत्यक्ष घटनास्थळी असलेल्यांपेक्षाही तीव्र ताणाची लक्षणे जास्त आढळली होती. पडद्यावरचे भांडण दूरचे आहे हे बुद्धीला कळते, पण शरीर ते दारात आल्यासारखे वागते. नाडी वाढते आणि झोप पळते. अप्पा म्हणाले, “म्हणजे मी इथं गादीवर पडून रोज लाठ्या खातोय.” माझ्या स्पष्टीकरणापेक्षा हे वाक्य अधिक नेमके होते.

मग त्यांनी बेइमानीचा प्रश्न विचारला. मी त्यांना विचारले की रात्री तीन वाजता पाहिलेल्या स्टेटसमुळे समाजातल्या एका तरी मुलाचे काम झाले का? माहिती ठेवणे, सहभागी होणे आणि पहारा देणे ही तीन वेगवेगळी कामे आहेत आणि अप्पांची सगळी शक्ती तिसऱ्यात जात होती. माहितीसाठी सकाळी दुकानात वर्तमानपत्र आणि संध्याकाळी वीस मिनिटे पुरतात, यावर आमचे एकमत झाले. मोबाइलवरचे गट सोडायला मी सांगितले नाही, कारण आजच्या वातावरणात गट सोडणे हीसुद्धा एक भूमिका मानली जाते आणि त्याचे नवे ताण उभे राहतात. गटांचा आवाज बंद करून ते नजरेआड ठेवले. रात्री नऊ वाजता मोबाइल स्वयंपाकघरातल्या देवळीत जाऊ लागला. चिंतेसाठी रोज एक ठराविक वेळ राखून ठेवण्याची पद्धत थॉमस बोरकोवेक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८३ मध्ये मांडली होती. त्यानुसार संध्याकाळी साडेपाचला अप्पा वीस मिनिटे चिंता लिहून काढत आणि अवेळी आलेली चिंता त्या वेळेवर ढकलत. पहिले दहा दिवस हे जमले नाही. एका रात्री त्यांनी देवळीतून मोबाइल काढलाही, आणि तेही प्रामाणिकपणे वहीत लिहिले.

सहभागाचा मार्ग त्यांनी स्वतः शोधला. दर रविवारी सकाळी दोन तास ते आपल्या समाजातल्या मुलांना जात प्रमाणपत्राचे आणि पडताळणीचे अर्ज भरून देऊ लागले. कागद कुठे अडतो हे त्यांना दुकानाच्या परवान्यांमुळे चांगले माहीत होते. ऑगस्टमध्ये त्यांची झोप वाढून साडेपाच तासांवर आली, तेव्हा मला वाटते या रविवारांचा वाटा देवळीइतकाच होता.

मित्राचा विषय मी पुन्हा काढला नाही. तो त्यांच्या पत्नीने काढला. एका भेटीत दोघे सोबत असताना मित्राच्या पत्नीविषयी त्या म्हणाल्या, “आमचं तर बोलणं कधी बंदच नव्हतं. गिरणीवर भेटतो की आम्ही. पंचमीला तिनं डबा दिला, तुम्ही खाल्ला.” अप्पा बराच वेळ जमिनीकडे पाहत राहिले. त्यानंतर आम्ही त्यांच्या मनातले एक वाक्य कागदावर आणले: ‘जो माझ्या बाजूने मत देत नाही, तो माझा असूच शकत नाही.’ अल्बर्ट एलिस यांनी १९५५ पासून विकसित केलेल्या विवेकनिष्ठ मानसोपचारात इच्छा आणि हट्ट यांत फरक केला जातो. मित्राने आपल्यासारखा विचार करावा ही अप्पांची तीव्र इच्छा होती आणि ती सोडण्याची गरज नव्हती. त्याने तसा विचार केलाच पाहिजे, हा हट्ट त्यांना जाळत होता. शेवटी अप्पांनी लिहिले: ‘त्याचं मत मला पटत नाही, कदाचित कधीच पटणार नाही, आणि त्याच्यावाचून संध्याकाळ रिकामी जाते.’ दोन्ही गोष्टी एका वाक्यात लिहायला त्यांना चार भेटी लागल्या.

सप्टेंबरमध्ये मित्राचा मुलगा दुकानात कापसासाठी फवारणीचे औषध घ्यायला आला, तेव्हा अप्पांनी त्याच्याजवळ वडिलांच्या गुडघ्याची चौकशी केली. चहा अजून सुरू झालेला नाही, पण आता रस्त्यात भेटल्यावर दोघे थांबतात.

विधानसभेचा निकाल २३ नोव्हेंबरला होता आणि त्याआधीच्या भेटीत आम्ही फक्त त्या दिवसाचे नियोजन केले. अप्पांनी मोबाइल घरी ठेवून कापूस वेचायला जायचे, आणि निकाल पत्नीने दुपारच्या भाकरीबरोबर शेतावर आणायचा, असे ठरले. नंतर त्यांनी मला सांगितले की अकराच्या सुमारास गावाकडून फटाक्यांचा आवाज आला, कोणाचे असतील म्हणून छाती धडधडली, आणि ते बांधाकडे चार पावले गेलेही. मग वळले, हातातली ओळ पूर्ण केली, आणि भाकरी येईपर्यंत त्यांनी दुसरीही अर्धी वेचली होती.