शेतजमीन : कधी पाहावी, व्यवहार कधी करावा?

प्रश्न : भूम तालुक्यात चार एकर जिरायत (पावसावरची जमीन) पाहिली आहे, विहिरीत हिस्साही आहे. मध्यस्थ म्हणतो, दिवाळीनंतर भाव चढेल, आत्ताच विसार (सौद्याची आगाऊ रक्कम) द्या. थांबावे का?

थांबा. मध्यस्थाचे म्हणणे अगदीच खोटे नाही. दसऱ्यापासून संक्रांतीपर्यंत सोयाबीनचे, कापसाचे पैसे हातात असतात, गावातलेच गिऱ्हाईक उभे राहते आणि विकणारा ताणून धरतो. पितृपक्षात बोलणी होतात, पण विसार बहुधा दसऱ्यावर जातो. मार्चअखेर खरिपाचे पीककर्ज भरायचे असते, पाठोपाठ लग्नसराई आणि पेरणीचा खर्च येतो. तेव्हा विकणारे पुढे येतात. पण भावातला हा फरक चुकीची जमीन गळ्यात पडल्यावर काही कामाचा नाही. जमीन दोनदा पाहावी: एकदा पावसाळ्यात, एकदा मे महिन्यात.

पावसाळ्यात वाट आणि निचरा कळतो. उन्हाळ्यात शेजाऱ्याच्या पडीक रानातून गाडी थेट बांधापर्यंत जाते. तेच रान पेरले की वाट बंद. काळ्या जमिनीत भर पावसात ट्रॅक्टर कुठे रुततो ते पाहा. नकाशावर रस्ता नसेल तर तहसीलदारांकडे महसूल संहितेच्या कलम 143 खाली बांधावरून रस्ता मागता येतो, पण त्यात वेळ जातो. पाऊस थांबून चार दिवस झाले तरी पाणी साचलेलेच असेल, पीक पिवळे पडले असेल, तर रान चिबड, म्हणजे पाणी धरून ठेवणारे, आहे.

मे महिन्यात विहीर तपासा. पाण्याची पातळी दोरीने मोजा, पंप लावून विहीर उपसा, किती वेळ चालला ते लिहा आणि दुसऱ्या दिवशी त्याच वेळी पातळी पुन्हा मोजा. पहिल्या दिवशीचे साठलेले पाणी फसवते, कारण दोन दिवस उपसा बंद ठेवला की कोरडी विहीरही भरल्यासारखी दिसते. रात्रीत किती पाणी चढले, तोच खरा हिशेब. चार आणे (पाव) हिस्सा असेल तर पाळी कोणत्या दिवसाची, वीजजोडणी कोणाच्या नावावर, हेही विचारा. हा हिस्सा सातबाऱ्याच्या ‘इतर हक्क’ या रकान्यात किंवा वाटणीपत्रात दिसला पाहिजे. सोसायटीच्या, बँकेच्या कर्जाचा बोजाही इतर हक्कातच सापडतो.

मोजणीसाठी रान मोकळे लागते. उभ्या तुरीत किंवा उसात खुणा नीट लागत नाहीत. हरभरा, ज्वारी निघाल्यावरचा काळ बरा. त्यासाठी अर्ज आधीच पडलेला हवा. अर्ज जमीनधारकालाच करावा लागतो, म्हणून ‘हद्दकायम मोजणी (हद्दीच्या खुणा ठरवून देणारी मोजणी) विकणाऱ्याने करून द्यावी’ ही अट विसारपावतीत घाला. खरेदीखताच्या वेळी पीक उभे असेल तर ते कोण काढणार, हेही लिहून घ्या. भांडणे इथेच होतात.

प्रश्न : मार्चमध्ये दस्त नोंदवण्याची घाई का असते?

रेडीरेकनरचे, म्हणजे जमिनीच्या सरकारी मूल्याचे, नवे दर 1 एप्रिलपासून लागू होतात. 2023-24 आणि 2024-25 मध्ये ते बदलले नव्हते. 1 एप्रिल 2025 पासून ग्रामीण भागात सरासरी 3.36 टक्के वाढले. मुद्रांक शुल्क ठरलेली किंमत आणि सरकारी मूल्य यांतल्या जास्त रकमेवर लागते. मात्र शेवटच्या आठवड्यात रांगेत उभे राहण्याची गरज नाही. 31 मार्चपर्यंत पूर्ण मुद्रांक शुल्क भरून दस्तावर सह्या झाल्या असतील, तर सहीपासून चार महिन्यांत तो जुन्या दराने नोंदवता येतो.

नोंदणीनंतर फेरफाराकडे, म्हणजे सातबाऱ्यावर तुमचे नाव लागण्याच्या नोंदीकडे, लक्ष ठेवा. हितसंबंधितांना नोटीस निघते, हरकतीसाठी 15 दिवस मिळतात आणि त्यानंतरच नोंद मंजूर होते. मधल्या काळात सातबारा पाहत राहा.

प्रश्न : शेजाऱ्याच्या मोठ्या गटातून 15 गुंठे जिरायत घेता येईल का?

नाही. 2023 च्या अधिसूचनेनुसार जिरायतीसाठी किमान 20 गुंठे, बागायतीसाठी 10 गुंठे लागतात. त्याहून लहान नवा तुकडा पाडता येत नाही. आधीपासूनच वेगळा नोंदलेला तुकडा असेल तर लगतच्या खातेदाराला तो घेता येतो. त्या गटाचा सातबारा आणि नकाशा काढून आधी हेच पाहा.