पाच मिनिटं आणि पन्नास वर्षं: संथ ॲनिमेबद्दल वाचकांचे प्रश्न

फॅन्टसी ॲनिमे (म्हणजे जपानी ॲनिमेशन) म्हटलं की तलवारी, राक्षस आणि किंचाळत केलेले हल्ले डोळ्यांपुढे येतात. पण याच घराण्यात एक शांत शाखाही आहे. तिथे भटका वैद्य डोंगरातल्या गावी येतो, गूळ-पाणी होतं, विचारपूस होते, बाहेर पाऊस पडत राहतो. या मालिकांबद्दल बरेच प्रश्न आले आहेत. एकासारखे एक होते ते एकत्र केले आणि उरलेल्यांतले काही निवडले.

ऑफिसातल्या मित्रांनी 'मुशिशी' डोक्यावर घेतली आहे. मी रविवारी सलग बघायला बसलो आणि तिसऱ्या भागाला घोरायला लागलो. माझ्यात काही कमी आहे का?
*– हिंजवडीतला एक वाचक*

तुमच्यात काही कमी नाही, सलग बघण्यात गोची आहे. 'मुशिशी' ही मुळात युकी उरुशिबारा यांची मांगा, म्हणजे जपानी चित्रकथा. १९९९ ते २००८ या काळात ती नियतकालिकातून सुट्या सुट्या कथांच्या रूपात येत होती. हिरोशी नागाहामा यांनी २००५ मध्ये आर्टलँड स्टुडिओसाठी तिचे २६ भाग केले, तेही त्याच अंगाने. दर भागाला नवं गाव, नवं घर, नवं दुखणं. गिन्को हा पांढऱ्या केसांचा भटका वैद्य सोडला तर बहुतेक माणसं पुन्हा दिसत नाहीत. प्रत्येक भागाच्या शेवटी तोशिओ मासुदा यांचं वेगळं संगीत वाजतं. ते पूर्ण ऐका, ऑटोप्ले बंद करा आणि त्या दिवशी पुढचा भाग लावू नका. कथासंग्रह कोणी एका बैठकीत संपवत नाही.

आणि तुम्ही ज्याला घोरलात, तो तिसरा भाग परत बघाच. बर्फाने वेढलेलं गाव. लोकांना एका कानाने ऐकू येईनासं झालंय, कारण कानात आवाज खाणारे मुशी शिरलेत. मुशी म्हणजे भूत नाही, किडाही नाही. जीवसृष्टीच्या अगदी तळाशी असलेलं, बहुतेकांना न दिसणारं काहीतरी. गावच्या मुखियाच्या नातवाचं मात्र उलटं झालंय: त्याच्या कपाळावर शिंगं आली आहेत आणि त्याला नको इतके आवाज ऐकू येतात. त्याची आई याच दुखण्याने गेली. आता कोणतीही दुसरी मालिका असती तर गिन्कोने मंत्र म्हटला असता किंवा मुशीशी दोन हात केले असते. इथे तो मुलाला प्रश्न विचारतो आणि ऐकत बसतो. उपाय सापडतो तो आईच्या आठवणीत. ती तळहातांनी कान झाकायची, तेव्हा आतून एक घुमणारा आवाज यायचा. तुम्हीही दोन्ही कान तळहातांनी घट्ट झाकून बघा, ती खोल घरघर ऐकू येते. आपल्याच स्नायूंचा आवाज आहे तो.

हा उपाय पटायचा तर त्याआधी आपल्यालाही त्या गावातली बर्फाळ शांतता ऐकू यायला हवी. म्हणून सुरुवातीची ती लांबण. ती काढून टाकली तर उरतं काय? 'कान झाका, बरं वाटेल' एवढा घरगुती इलाज.

'फ्रीरेन'मध्ये काहीच घडत नाही. राक्षसांचा राजा मेल्यावर गोष्ट सुरू होते! मग फॅन्टसी कशाला, कौटुंबिक मालिका काय वाईट?
*– सांगली*

'काहीच घडत नाही' यावर माझं भांडण आहे. आपल्यापैकी बऱ्याच जणांनी लहानपणी 'ड्रॅगन बॉल झी' पाहिली आहे. त्यात खलनायक फ्रीझा सांगतो की हा ग्रह पाच मिनिटांत फुटणार, आणि ती पाच मिनिटं पुढचे कित्येक भाग चालतात. तिला कोणी संथ म्हणत नाही. 'फ्रीरेन'च्या पहिल्याच भागात पन्नासहून अधिक वर्षं उलटतात. विजयी वीर राजधानीत परततात, उल्कावर्षाव बघतात, 'पन्नास वर्षांनी परत बघू' म्हणतात. त्यांच्यातली फ्रीरेन ही एल्फ (टोकदार कानांची, फार दीर्घ जगणारी जात) खरंच परत येते, तोवर तरणाबांड नायक हिम्मेल टक्कल पडलेला, बुटका म्हातारा झालेला असतो. मग तो मरतो. हे सगळं एका भागात! घड्याळ लावून बसलात तर ही ॲनिमेतल्या सर्वांत वेगवान मालिकांपैकी एक ठरेल.

मग संथ का वाटते? कारण वेळ कशावर खर्च करायचा याचा हिशेब तिने उलटा मांडलाय. लढाई दोन वाक्यांत उरकते आणि एका फुलाच्या शोधात महिने जातात. दुसऱ्या भागात फ्रीरेनला हिम्मेलच्या पुतळ्याभोवती निळी फुलं लावायची असतात, त्याच्या गावाकडची. ती जात नामशेष झाली असं सगळे म्हणतात. शिष्या फर्न वैतागते, कारण माणसाच्या आयुष्यात काही महिने म्हणजे चेष्टा नव्हे. हजार वर्षांहून जास्त जगलेल्या एल्फच्या हिशेबात ते काहीच नाहीत. दोघी एकाच रानात फिरतायत, पण दोघींची कालगणना वेगळी आहे.

फॅन्टसी कशाला, याचं उत्तर इथेच आहे. सासू-सुनेच्या मालिकेत हजार वर्षं जगणारी बाई कुठून आणणार? हिम्मेलच्या अंत्यविधीला लोक कुजबुजतात की ही रडत कशी नाही. आणि मग ती रडते, कारण दहा वर्षं बरोबर हिंडून तिने त्याला जाणून घेण्याची तसदी घेतलेली नसते. दहा वर्षं तिच्यासाठी 'जरा वेळ' होती. एरवी हे दाखवायला अख्खी कादंबरी लागली असती, इथे दोन टोकदार कान पुरतात.

कानेहितो यामादा आणि त्सुकासा आबे यांची ही मांगा २०२० मध्ये सुरू झाली. मॅडहाउसने २०२३ मध्ये मालिका आणली, तेव्हा पहिले चार भाग जपानी टीव्हीवर एकाच रात्री, चित्रपटासारखे दाखवले. तुम्हीही पहिले चार एकत्र बघा. (होय, वर सांगितलं त्याच्या बरोबर उलटं. मालिका बदलली की पथ्य बदलतं.)

आमचे सर म्हणतात, ही शांतता-बिंतता सगळी पैसे वाचवायची युक्ती आहे. खरं आहे का?
*– ॲनिमेशन शिकणारी विद्यार्थिनी, नागपूर*

सरांचं निम्मं बरोबर आहे. सेकंदाला २४ फ्रेम असल्या तरी टीव्हीच्या ॲनिमेत एक चित्र बहुधा तीन फ्रेम धरून ठेवतात, म्हणजे सेकंदाला आठच चित्रं. पात्र स्थिर ठेवायचं, फक्त तोंड हलवायचं, एक पळण्याचा तुकडा दहादा वापरायचा, ही काटकसर ओसामू तेझुका यांच्या 'ॲस्ट्रो बॉय'पासून, म्हणजे १९६३ पासून चालत आली आहे. दर आठवड्याला भाग द्यायचा तर दुसरा मार्गही नव्हता. तेव्हा धरून ठेवलेला शॉट स्वस्त असतो, हे मान्य.

पण चित्र स्थिर राहिलं की प्रेक्षकाची नजर पार्श्वभूमीवर जाते आणि कान आवाजाकडे. मारामारीत मागचं झाड कसंही रंगवलं तरी खपतं. दहा सेकंदांच्या स्थिर शॉटमध्ये त्याच झाडाला कोणत्या बाजूने ऊन लागलंय ते दिसतं. वाचवलेला पैसा आणि वेळ पार्श्वभूमीचे चित्रकार आणि ध्वनी यांच्याकडे वळवावा लागतो, नाहीतर शॉट मरतो. शिवाय छोट्या हालचाली अवघड. अंगरख्याची घडी घालणारा हात काढणं स्फोट काढण्यापेक्षा कठीण असतं, कारण घडी घालणारा हात प्रेक्षकाने रोज पाहिलेला असतो. चूक लगेच पकडली जाते.

फरक ओळखायची माझी कसोटी सोपी आहे. शॉट थांबला की बघायचं, त्यात काही बदलतंय का. उजेड सरकला, श्वास लागला, लांबून पाण्याचा आवाज सुरू झाला, तर दिग्दर्शक जागा आहे. स्थिर चित्रावरून कॅमेरा नुसता सरकतोय आणि पात्र मागून मनातलं सगळं बोलून दाखवतंय, तर ते बजेट संपल्याचं लक्षण. अशा मालिका ढिगाने येतात आणि 'मनाला शांती देणारी' म्हणून विकल्या जातात. खुशाल बंद करा.

'नात्सुमे युजिन्चो' बघताना आमच्याकडच्या राखणदाराची आठवण येते. जपानी लोकांचं आणि आपलं एकच म्हणायचं का?
*– कुडाळ*

आठवण येणं साहजिक आहे, एकच म्हणणं घाईचं होईल. राखणदार हद्दीचा मालक. त्याला नारळ द्यायचा, गाऱ्हाणं घालायचं, चूकभूल माफ करून घ्यायची. त्यात धाक आहे आणि करारही. युकी मिदोरिकावा यांच्या या गोष्टीतले योकाई, म्हणजे जपानी लोककथांतली भुतंखेतं, बहुतेक बेघर, एकटे किंवा विसरले गेलेले. ते नात्सुमे या शाळकरी मुलाच्या दारी येतात ते त्याच्या आजीने, रेइकोने, वहीत लिहून घेतलेली आपली नावं परत मागायला. नाव परत मिळालं की ते मोकळे. हा मुलगा त्यांना घाबरतोही, पण त्याच्यात आणि त्यांच्यात एक साम्य आहे: दोघांनाही जायला घर नाही. नातेवाइकांच्या घरोघरी फिरून तो नुकताच एका प्रेमळ जोडप्याकडे आलाय.

खरं साम्य मला दुसरीकडे दिसतं. पहिल्या सीझनचा दुसरा भाग काढा. रस्त्याकडेच्या छोट्या देवळीत एक देव आहे. एके काळी गाव त्याच्या पाया पडायचं, तेव्हा तो चांगला मोठा होता. भक्त कमी होत गेले तसा तो लहान होत होत तळहाताएवढा झालाय. आता हाना नावाची एकच म्हातारी येते. ती गेली की तोही जाणार, हे त्याला ठाऊक आहे आणि त्याबद्दल त्याची तक्रार नाही. 'मी तुमची पूजा करीन' असं नात्सुमे सांगतो, तेव्हा तो नको म्हणतो: तू माझा मित्र आहेस.

ही नुसती कल्पना नव्हे. जपानची खेडी म्हातारी झाली, रिकामी होत गेली आणि त्यांच्याबरोबर अशा कितीतरी देवळ्यांची दिवाबत्ती थांबली. मालिकेतल्या गावाला आधार आहे तो क्युशू बेटावरच्या कुमामोतो प्रांतातल्या हितोयोशी परिसराचा. मिदोरिकावा स्वतः कुमामोतोच्याच. गणपतीपुरती उघडणारी कुलूपबंद घरं तुमच्या वाडीतही असतील, तर हा भाग तुम्हाला पुण्या-मुंबईतल्या प्रेक्षकापेक्षा लवकर कळेल. त्यासाठी देव एकच असायला लागत नाहीत.

नऊ वर्षांच्या मुलीला यातलं काय दाखवू?
*– ठाणे*

आधी 'माय नेबर तोतोरो', १९८८ चा चित्रपट. मग तुम्ही शेजारी बसून 'नात्सुमे'. न्यान्को-सेन्सेई नावाचं जाडं, खादाड मांजर तिला आवडेल आणि रडू आलं तर तुम्ही असालच. 'मुशिशी'तले काही भाग मोठ्यांनाही जड जातात. थांबा थोडी वर्षं.

दीडपट वेगाने बघितलं तर चालतं का?
*– बरेच जण*

चालतं की. जेवणही उभ्याने होतं.

'हैबाने रेनमेई' संपवली. ते गाव म्हणजे मरणानंतरची जागा का? भिंतीपलीकडे काय आहे? काहीच सांगितलं नाही, फसवल्यासारखं वाटलं.
*– छत्रपती संभाजीनगर*

योशितोशी आबे यांनी ही गोष्ट आधी स्वतःच छापलेल्या मांगातून मांडली. २००२ मध्ये तिची १३ भागांची मालिका झाली. ज्यांनी पाहिली नाही त्यांच्यासाठी: भिंतीने वेढलेल्या ग्ली गावातल्या एका जुन्या इमारतीत मोठमोठ्या कोशांतून मुलं जन्माला येतात. पूर्वायुष्य आठवत नाही, फक्त कोशातलं एक स्वप्न आठवतं आणि त्यावरून नाव पडतं. नायिकेचं नाव राक्का, म्हणजे पडणं. मग करडे पंख फुटतात. या पंखवाल्यांना हैबाने म्हणतात.

मरणोत्तर जागा हा तुमचा अंदाज बहुतेक प्रेक्षकांचाही आहे आणि त्याला भरपूर पुरावा आहे. पण मालिका त्यावर शिक्का मारत नाही. फसवणूक म्हणता येईल ती कधी? सुरुवातीलाच कोडं घालून उत्तराचं आमिष दाखवलं असतं तर. आता पहिला भाग आठवा. कोड्याबद्दल चार वाक्यं, आणि पंख फुटतात तो प्रसंग किती लांब! राक्काला ताप चढतो, पाठीतून रक्तासकट पंख बाहेर येतात आणि तिच्याआधी तिथे आलेली रेकी नावाची हैबाने रात्रभर बसून ते पीस न् पीस स्वच्छ करते. डोक्यावरचं प्रभामंडळ जागेवर राहत नाही म्हणून तारेने बांधतात! दिव्य गोष्टीचं बाळंतपण करावं तसं चाललंय. पुढेही तेच. हैबाने बेकरीत, ग्रंथालयात, घड्याळाच्या मनोऱ्यात काम करतात, पैसे बाळगायचे नाहीत, वापरलेल्याच वस्तू घ्यायच्या. या बारक्या नियमांवर मालिका वेळ घालवते, भिंतीवर नाही.

कारण तिचा प्रश्न 'पलीकडे काय' हा नाहीच. रात्रभर दुसऱ्याचे पंख पुसणारी रेकी स्वतःसाठी कोणाला हाक मारू शकते का, हा आहे. त्याचं उत्तर शेवटच्या भागात अगदी स्पष्ट मिळतं. तुम्ही भिंतीकडे बघत बसलात म्हणून ते निसटलं असावं.

सत्तरीतले बाबा सहा महिने आमच्याकडे आलेत. टीव्हीवर त्यांच्याजोगं काही नाही. यातलं त्यांना रुचेल का?
*– न्यू जर्सी*

'कार्टून' हा शब्द उच्चारू नका आणि 'मुशिशी' लावा. रहस्यकथा वाचलेल्या, गावाकडच्या गोष्टी ऐकलेल्या माणसाला ती पटकन लागू पडते: रोगी, लक्षणं, चौकशी, निदान, आणि कधीकधी हाती न आलेलं यश. मोबाइलवर वाढलेल्यांपेक्षा या वयाची मंडळी तिच्यात लवकर रमतात असा माझा अनुभव आहे. जपानी आवाजच ठेवा, सबटायटल्सचा आकार सेटिंगमध्ये जाऊन सर्वांत मोठा करा, आणि दुसऱ्या भागापासून सुरुवात करा. त्यात उजेड सहन न होणारी एक मुलगी अंधाऱ्या कोठारात राहते. बाबांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं असेल, तर भाग संपल्यावर तासभर तरी तेच ऐकावं लागेल, याची तयारी ठेवा.