तपशील ऐकायचा की गाणं?

प्रश्न : नवे स्पीकर घेतलेत. गायिकेचा श्वास, तबल्यावर घासलेलं बोट, सगळं कळतं. पण तासाभरात डोकं चढतं. मुलगा म्हणतो, एवढं बारीक ऐकू येतं म्हणजे क्वालिटी उत्तमच. खरं का?
– एक वाचक, देवगड

उत्तर : मुलाचं अर्धंच खरं. बारीकसारीक ऐकू येणं हा गुण आहेच, पण कधीकधी तो उसना असतो. माणसाचा कान साधारण 2 ते 5 किलोहर्ट्झच्या, म्हणजे बऱ्यापैकी उंच स्वरांच्या, पट्ट्यात सर्वांत तीक्ष्ण. तिथला आवाज थोडा वर उचलला की श्वास, घासणं, ‘स’ आणि ‘श’ पुढे येतात. रेकॉर्डिंगमधून नवं काही निघालेलं नसतं. दुकानात पाच मिनिटं झकास वाटतं, घरी कान शिणतात.

मी पारख करायला तंबोरा लावतो. जवारीची, म्हणजे तार घोडीला घासून येणाऱ्या झंकाराची, झळाळी हवीच, पण खाली खर्जाची तार भरून वाजली पाहिजे. नुसतीच झिणझिण आली तर ते नारळाशिवायचं कालवण. मग माणसाचा साधा बोलण्याचा आवाज ऐकतो. तो नाकातला वाटला की विषय संपला. तपशील त्यानंतर. (आणि आषाढात पत्र्यावर पाऊस कोसळताना श्वास कसला ऐकताय!)

तुमच्याकडे लादी आणि गिलाव्याच्या भिंती असतील, तर वरचे स्वर त्याही परतवतात. जाड सतरंजी अंथरा, स्पीकरची तोंडं थोडी बाहेर वळवा. जुन्या जोडीशी तुलना करताना दोन्हींचा आवाज सारखा ठेवा, कारण किंचित मोठा वाजणारा नेहमीच सरस वाटतो. ट्रेबल, म्हणजे वरच्या स्वरांचा जोर, थोडा उतरवून पाहा. तरीही डोकं चढलं, तर दुकानदाराची परतीची मुदत तपासा.