आधी एक संपव

पोरी,

काल रात्री साडेअकराला तुझी यादी आली. फँटसीच्या, म्हणजे जादूच्या कल्पित दुनियेतल्या, पुस्तकांची सत्तावीस नावं, त्यातली निम्मी अनेक खंडांच्या मालिकांची, आणि खाली दोन ओळी: 'आत्या, यातलं आधी काय वाचू? दोन वर्षांत एकही पुस्तक धड वाचून झालेलं नाही.' त्या दुसऱ्या ओळीने माझी झोप उडवली. म्हणून हे पत्र.

यादी बाजूला ठेव. संपणारं पुस्तक घे. पातळ, एका जिल्दीत उरकणारं, ज्याचा शेवट लेखकाने लिहून ठेवला आहे असं.

तू म्हणतेस, पहिली शंभर पानं सोसली की पुढे मजा येते असं सगळे सांगतात. कोण हे सगळे? दिवसभर राबून घरी आलेल्या मुलीने रात्री पुन्हा काही सोसायचं कशासाठी? आणि सोसून तू पोचणार कुठे, तर सात किंवा चौदा खंडांच्या पहिल्या वळणावर. फँटसीत सुरुवातीला सगळी उधारी असते. अनोळखी बेटं, जिभेवर न बसणारी नावं, राजघराणी, नकाशे, हे सारं लेखक तुझ्या भरवशावर उचलतो. फेड होते ती शेवटाकडे. साधी कादंबरी चाळिसाव्या पानावर सुटली तरी चार माणसं भेटलेली असतात. इथे अर्ध्यात सोडलंस तर तुझ्यापाशी नुसती नावं उरतात. म्हणून म्हणते, संपणारं घे.

अर्सुला ले ग्विन यांचं 'अ विझर्ड ऑफ अर्थसी' घे. १९६८ सालचं, दोनशेच्या आसपास पानं. गाँट नावाच्या डोंगराळ बेटावरचा गेड हा आई नसलेला मुलगा शेळ्या राखतो. त्याची मावशी गावातली चेटकीण. छपरावर चढलेल्या शेळीला ती काहीतरी म्हणते आणि शेळी खाली येते, एवढं त्याने ऐकलेलं. दुसऱ्या दिवशी तो तेच शब्द रानात ओरडतो. कळप त्याच्याभोवती जमतो, अंगाला भिडतो, आणि शेळ्यांना सोडायचं कसं ते त्याला येत नाही. पुढची सगळी कादंबरी याच प्रसंगाची वाढ आहे. जादूगारांच्या शाळेत एका पोराशी ईर्ष्या करताना तो मेलेल्यांतून एकीला बोलावतो. त्या फटीतून एक सावली बाहेर पडते, आणि ती फट बुजवताना शाळेचे वृद्ध प्रमुख जीव गमावतात. पंधरासोळा वर्षांच्या वयातली ती चूक मग समुद्रभर त्याच्या मागे लागते. ती सावली कोण, हे शेवटच्या काही पानांत उलगडतं आणि आधी वाचलेलं प्रत्येक पान बदलून जातं. मी सांगणार नाही. तिथपर्यंत तूच जायचंस.

(त्या मुलाचा रंग तांबूस-तपकिरी आहे. ले ग्विनबाईंनी तो विचारपूर्वक तसा ठेवला होता. मुखपृष्ठांवर त्याला गोरा केलेला पाहून त्या उघडपणे चिडल्या होत्या. तुझ्या हाती तसलं मुखपृष्ठ आलं तर त्यावर विश्वास ठेवू नकोस.)

आता मी एवढी हट्टाला का पेटते, ते सांगते. तुझा बाबा बारावीची परीक्षा देऊन मोकळा झाला तेव्हा त्याने मला हेच विचारलं होतं. मी त्याच्या हातात टॉल्किनचं 'द लॉर्ड ऑफ द रिंग्ज' ठेवलं. हजारावर पानं, एकाच जाड खंडात. मराठी माध्यमातला मुलगा, इंग्रजीचा धसका घेतलेला. प्रस्तावनेतच हॉबिट नावाच्या बुटक्या लोकांच्या चालीरीती, त्यांच्या चिलमीतली तंबाखू कुठून आली तेही. तो तिथेच अडला. तीन आठवड्यांनी पुस्तक परत करताना म्हणाला, 'ताई, मला नाही वाचन जमत.' आजही तो तेच म्हणतो. तू लहान असल्यापासून ऐकत आली आहेस.

पुस्तकाचा दोष नव्हता. टॉल्किनने ती एकसंध कादंबरीच लिहिली होती. महायुद्धानंतर कागद महाग, म्हणून १९५४-५५मध्ये ती तीन भागांत निघाली. मी ती चारदा वाचली आहे आणि ती संपते तेव्हा दर वेळी रडले आहे. माझ्याजवळचं सर्वांत चांगलं मी भावाला दिलं, यात प्रेमच होतं, ते मी नाकारणार नाही. पण त्याला त्या वेळी संपणारं पुस्तक हवं होतं, आणि ते माझ्या कपाटात, त्याच फळीवर होतं.

तुझ्या यादीत रॉबर्ट जॉर्डनची 'द व्हील ऑफ टाइम' ही मालिका आहे. १९९०ला सुरू झाली, २००७मध्ये लेखक वारले, ब्रँडन सँडरसनने २०१३मध्ये चौदावा खंड काढून ती पुरी केली. जॉर्ज मार्टिनच्या 'अ साँग ऑफ आइस अँड फायर' मालिकेचा पाचवा खंड २०११चा; सहाव्याची वाट बघत मीही वर्षं घालवली आहेत. तू आत्ता त्या रांगेत उभी राहू नकोस. हवं तर तिशीत उभी राहा.

पहिलं संपलं की सुझाना क्लार्कचं 'पिरानेसी' (२०२०). अंत नसलेलं घर, दालनांत पुतळे, खालच्या मजल्यांवर समुद्राची भरती, आणि रोजनिशी लिहिणारा एक निर्मळ माणूस. तीनशे पानांच्या आत. आणि मराठीच हवं असेल तर गौरी देशपांडे यांनी मराठीत आणलेल्या 'अरेबियन नाइट्स'चा कुठलाही एक खंड ग्रंथालयातून आण. सोळा आहेत म्हणून दचकू नकोस. त्यातली गोष्ट दुसऱ्या गोष्टीच्या पोटात शिरते, पण संपते.

माझी अर्थसीची प्रत उद्या कुरिअरने पाठवते. नकाशावर पेन्सिलीने गेडचा प्रवास आखलेला आहे, तो खोडू नकोस. वाचून झाल्याशिवाय मला दुसरं नाव विचारायचं नाही. आणि झालं की पुस्तक आत ठेवू नकोस. बाबा चहा घेतो त्या टेबलावर राहू दे. काही बोलू नकोस त्याला.

तुझी,
आत्या