उत्तर देण्याची घाई

प्रश्न : मी वॉर्डची इन्चार्ज सिस्टर आहे. नव्या स्टाफ नर्स बारीकसारीक गोष्टीही मलाच विचारतात. सांगितलं की तेवढ्यापुरतं काम होतं, दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. त्यांना स्वतः विचार करायला कसं लावू?

उत्तर : तुमच्याकडे उत्तर लगेच मिळतं, म्हणून त्या विचारतात. पेशंटला धाप लागली आहे, बीपी पडतंय, अशा वेळी अर्थातच थेट सूचना द्या. एरवी सांगण्याआधी दोन गोष्टी विचारा : ‘तुला काय करावंसं वाटतं?’ आणि ‘ते कशावरून?’ पहिल्या प्रश्नाने ती निर्णयावर येते, दुसऱ्याने तिचं कुठे अडतंय ते तुम्हाला दिसतं. मग त्या प्रसंगाला लागू पडणारा एकच नियम सांगा, बरोबर काय होतं ते नेमकं सांगा आणि चूक दुरुस्त करा. १९९२ मध्ये मांडलेली, ‘वन मिनिट प्रीसेप्टर’ (प्रीसेप्टर म्हणजे काम करता करता शिकवणारा सीनिअर) या नावाने ओळखली जाणारी पद्धत ती हीच.

ही पद्धत बहुतेकदा फसते ती प्रश्न विचारून गप्प न राहिल्यामुळे. चार-पाच सेकंदांची शांतता सीनिअरलाच सोसत नाही आणि उत्तर तोंडातून निघून जातं. शिवाय ‘कशावरून?’ हे पेशंटच्या नातेवाइकांसमोर विचारलं तर ती उलटतपासणी होते. नर्सिंग स्टेशनवर विचारा.

हाताचं कौशल्य मात्र प्रश्नांनी येत नाही. तिथे सर्जन पेटन यांच्या शिकवण्याच्या चार पायऱ्या उपयोगी पडतात. आयव्ही कॅन्युलाचंच घ्या, म्हणजे सुईवरून शिरेत सरकवायच्या प्लॅस्टिकच्या बारीक नळीचं. सरावाच्या कृत्रिम हातावर आधी न बोलता, नेहमीच्या वेगाने करून दाखवा. मग सावकाश, कारणं सांगत. तिसऱ्या वेळी ती सांगेल तसं तुम्ही करा. चौथ्या वेळी ती बोलत बोलत स्वतः करेल. वेळ नाही म्हणून नेमकी तिसरी पायरी गाळली जाते, आणि गैरसमज सापडतो तो तिथेच. सुईमागच्या पारदर्शक चेंबरमध्ये रक्त दिसलं की पुष्कळजणी म्हणतात, ‘आता सुई मागे घ्या.’ पण सुईचं टोक कॅन्युलाच्या थोडं पुढे असतं. रक्त दिसलं तेव्हा सुई शिरेत असते, प्लॅस्टिकचं टोक अजून बाहेर असू शकतं. म्हणून कोन कमी करून किंचित पुढे जायचं आणि मगच कॅन्युला सरकवायची. तोच कोन ठेवून पुढे ढकललं तर शीर पलीकडून फुटते आणि तिथे सूज येते. हे तिच्या तोंडून वदवून घेतल्याशिवाय पेशंटच्या हाताला हात लावू देऊ नका.

प्रश्न : ज्युनिअरची मेंटॉर मीच आणि तिचा वार्षिक अहवालही मीच लिहिते. ती मोकळेपणाने बोलत नाही.

उत्तर : बोलणार नाहीच, आणि यात तिचा दोष नाही. शक्य असेल तर मेंटॉर दुसऱ्या विभागातला द्या. ते जमत नसेल तर पहिल्याच भेटीत सीमा सांगा : इथलं बोलणं अहवालात जाणार नाही, पण पेशंटच्या किंवा तिच्या स्वतःच्या जिवाला धोका दिसला तर मला वर कळवावं लागेल. महिन्यातून एकदा, ड्युटीच्या वेळेतच पाऊण तास ठेवा. नोंदी तिने ठेवाव्यात, तुम्ही नाही.

फीडबॅकमध्ये स्वभावावर बोलू नका. ‘तू निष्काळजी आहेस’ यावर ती फक्त बचाव करेल. ‘रात्रीच्या हँडओव्हरमध्ये (पुढच्या शिफ्टला पेशंटची माहिती देताना) पेनिसिलिनची अ‍ॅलर्जी सांगायची राहिली, पुढच्या शिफ्टने ते इंजेक्शन दिलं असतं. काय झालं होतं?’ असं विचारलंत तर कदाचित कळेल, की मध्येच दोनदा फोन आला होता. मग दुरुस्त करायचा आहे तो हँडओव्हर.

प्रश्न : कोर्स न करता कोचिंगचा, म्हणजे प्रश्न विचारून समोरचीला स्वतःच उत्तर शोधू देण्याचा, सराव कसा करावा?

उत्तर : तिघींनी बसा. एक कोच, एक स्वतःची खरी अडचण मांडणारी, तिसरी निरीक्षक. अडचण रचलेली नको, रचलेल्या अडचणीत कुणी अडकत नाही. दहा मिनिटांनी जागा बदला. निरीक्षकाने मत द्यायचं नाही. कोच किती वेळ बोलली आणि ‘हो-नाही’त संपणारे प्रश्न किती विचारले, एवढंच लिहायचं. ‘तू डॉक्टरांना कळवलंस का?’ हा तसा प्रश्न; ‘कळवताना काय अडलं?’ हा उघडा. ‘तू असं का नाही करत?’ हा प्रश्न नाहीच, तो सल्ला आहे. निरीक्षकाने तो वेगळा मोजावा.