ऊन भरपूर, तरी समुद्र ओसाड का? : वाचकांच्या शंकांना उत्तरे

प्रश्न : उष्ण कटिबंधातील खुल्या समुद्रावर वर्षभर भरपूर ऊन असते, तरीही तिथले निळेशार पाणी सूक्ष्मशैवालाच्या दृष्टीने जवळजवळ ओसाड असते, असे वाचनात आले. पाणी जितके उबदार तितकी शैवालाची वाढ जास्त, असे व्हायला नको का?

उत्तर : एकेका पेशीपुरते पाहिले तर आपला तर्क बरोबर आहे. बाकी सगळे मुबलक मिळत असेल, तर पाण्याचे तापमान १० अंशांनी वाढल्यावर सूक्ष्मशैवालाच्या वाढीचा कमाल वेग साधारण दुप्पट होतो. रिचर्ड एप्ली यांनी प्रयोगशाळांतील नोंदी एकत्र करून १९७२ मध्ये हा संबंध मांडला. पण बाकी सगळे मुबलक असण्याची ही अट समुद्रात क्वचितच पुरी होते.

समुद्रात उजेड वरून येतो आणि नायट्रेट, फॉस्फेट, सिलिका ही पोषकद्रव्ये मुख्यतः खालून येतात. अगदी नितळ पाण्यातही प्रकाशसंश्लेषणाला पुरेल एवढा उजेड फार तर २०० मीटरपर्यंत पोहोचतो. या थरात वाढलेले शैवाल मरते किंवा खाल्ले जाते, त्याचे अवशेष खोल बुडतात आणि जिवाणू ते कुजवून त्यांतील क्षार पुन्हा पाण्यात मोकळे करतात. मात्र हे सारे घडते काळोखात, जिथे त्या क्षारांचा शैवालाला काही उपयोग नसतो. ते वर यायचे तर पाणी ढवळले गेले पाहिजे, आणि उन्हाने तापलेले हलके पाणी नेमके हेच होऊ देत नाही, कारण ते वरच राहते आणि खालच्या थंड, जड पाण्यात सहजासहजी मिसळत नाही. उत्तर अटलांटिकमध्ये हिवाळ्यातील थंडी आणि वादळे हे थर मोडून काढतात, म्हणून वसंतात ऊन वाढताच तिथे शैवालाचा जो बहर येतो तो उपग्रहांनाही दिसतो. पेरूच्या किनाऱ्याला वारे वरचे पाणी समुद्राकडे लोटतात, त्याच्या जागी खालचे थंड पाणी वर येते आणि त्यावर जगातील एक अत्यंत समृद्ध मासेमारी पोसली जाते. १९९७-९८ च्या एल निन्योच्या काळात विषुववृत्तीय प्रशांत महासागरात हा पुरवठा मंदावला, तेव्हा पाण्यातील हरितद्रव्य स्पष्टपणे घटले, आणि १९९८ च्या मध्यावर थंड पाणी परतताच ते झपाट्याने वाढले. तापमानवाढीचा विचार करताना म्हणूनच पेशीला ऊब किती मिळाली यापेक्षा पाण्याचे थर किती घट्ट बसले हे आधी पाहावे, असे मला वाटते.

ओसाड म्हटलेल्या त्या पाण्यात जे टिकून राहतात त्यांचे कसब मात्र विलक्षण आहे. तिथे प्रोक्लोरोकॉकस या सुमारे ०.६ मायक्रॉन आकाराच्या प्रकाशसंश्लेषी जिवाणूचे राज्य असते, कारण पेशी जितकी लहान तितका आकारमानाच्या मानाने तिचा पृष्ठभाग मोठा, आणि विरळ क्षार शोषण्याची सोयही तितकीच चांगली. फॉस्फरसची टंचाई असेल तिथे अशा पेशी आपल्या पटलांतील (पेशीच्या पातळ आवरणांतील) फॉस्फरसयुक्त मेदांऐवजी गंधकयुक्त मेद वापरतात. गंधक समुद्रात कधीच कमी पडत नाही.

प्रश्न : अंटार्क्टिकाभोवतीच्या दक्षिण महासागरात नायट्रेट आणि फॉस्फेट मुबलक असूनही शैवाल त्या मानाने कमीच, असे म्हणतात. मग तिथे उणीव कशाची?

उत्तर : हिवाळ्यात उजेडाची, आणि बरेचदा लोहाची. लोह लागते अगदी अत्यल्प, पण नायट्रेट पचवणारी विकरे आणि प्रकाशसंश्लेषणाची यंत्रणा त्यावाचून चालत नाही. खुल्या समुद्रात ते बरेचसे जमिनीवरून उडालेल्या धुळीतून येते, आणि दक्षिण महासागर अशा धुळीपासून दूर आहे. जॉन मार्टिन यांनी १९८० च्या दशकाच्या अखेरीस हे ठामपणे मांडले. १९९३ मध्ये गॅलापागोस बेटांजवळ सुमारे ६४ चौरस किलोमीटर पाण्यात लोह सोडून त्याची पहिली मोठी चाचणी झाली आणि शैवाल वाढले. मार्टिन त्यापूर्वी काही महिने निवर्तले होते.

लोहाच्या टंचाईचा दुसरा परिणाम मला अधिक महत्त्वाचा वाटतो. डायटम या शैवालाचे कवच सिलिकाचे असते. परिस्थिती चांगली असताना ते नायट्रोजन आणि सिलिकॉन साधारण सारख्या प्रमाणात उचलते. लोह कमी पडले की नायट्रोजनच्या मानाने सिलिकॉन कितीतरी जास्त उचलते आणि त्याची कवचे जाड होतात. परिणामी दक्षिण महासागरातून उत्तरेकडे खोलवरून सरकणाऱ्या पाण्यात नायट्रेट उरते, पण सिलिका उरत नाही, आणि हजारो किलोमीटर दूर हे पाणी वर येते तेव्हा तिथल्या डायटमची उपासमार होते. पाण्यातील क्षार शैवाल घडवतात तसे शैवालही ते क्षार घडवते. शैवालातील आणि खोल पाण्यातील नायट्रोजन-फॉस्फरसचे प्रमाण एकमेकांशी जुळते, हे अल्फ्रेड रेडफिल्ड यांनी १९३४ मध्येच दाखवले होते. पुढे रूढ झालेले सरासरी प्रमाण १६ ला १ असे आहे.

प्रश्न : मग समुद्रात लोह टाकून हवेतील कार्बन कमी करता येणार नाही का?

उत्तर : शैवाल वाढेल, पण त्यातील बराच कार्बन खाणाऱ्या प्राण्यांच्या आणि जिवाणूंच्या श्वसनातून पुन्हा वरच्याच पाण्यात सुटतो, खोल बुडतो तो थोडा भाग. शिवाय एका ठिकाणी संपवलेले नायट्रेट आणि फॉस्फेट पुढच्या समुद्राला मिळत नाही, म्हणजे इथली वाढ काही अंशी तिथली घटच असते. २००८ मध्ये समुद्रात कचरा टाकण्यावर निर्बंध घालणाऱ्या लंडन करारातील देशांनी शास्त्रीय संशोधन वगळता अशा खतपाण्याला परवानगी देऊ नये, असा ठराव केला, आणि तो मला योग्य वाटतो.