व्हॅम्पायरला ‘वेताळ’ म्हणावं का?

प्रश्न : सांगलीतल्या एका कथावाचनासाठी व्हॅम्पायरकथेचं भाषांतर चालू आहे. वेताळ, पिशाच्च की रक्तपिपासू?

वेताळ तर नकोच. हा घोळ जुना आहे. इंग्रज लेखक रिचर्ड बर्टनने १८७० मध्ये वेताळाच्या कथा इंग्रजीत आणताना वेताळाला सरळ व्हॅम्पायर करून टाकलं. पण त्यातला वेताळ प्रेतात शिरून राहतो, राजाच्या खांद्यावरून कोडी घालतो. रक्ताशी त्याचं काही देणंघेणं नाही. शिवाय सातारा-सांगलीकडे वेताळ म्हणजे भुतांचा राजा, गावाच्या वेशीवरचा देव. शेंदूर फासलेल्या त्या दगडापुढे लोक नारळ फोडतात. ऐकणाऱ्याच्या डोळ्यांपुढे तो दगड आला, की कथेतला व्हॅम्पायर पुसलाच गेला.

पिशाच्च फार मोघम. आपल्याकडे माणूस कसा गेला यावरून भुताची जात ठरते : मुंज होऊन लग्नाआधी गेला तो मुंजा, बाळंतपणात गेली ती अलवंतीण. ही भुतं लागतात, झपाटतात. मग घरातले ‘बाहेरचं झालंय’ म्हणून उतारा टाकतात. त्यांचं काहीतरी राहिलेलं असतं, ते दिलं की सुटका होते. व्हॅम्पायरचं तसं नाही. तो स्वतःच्याच देहानिशी थडग्यातून उठतो, आणि बऱ्याच कथांत ज्याला चावतो तोही व्हॅम्पायर होतो.

ही देहाची अट कुठून आली? ऑस्ट्रियाच्या लष्करी डॉक्टरांनी १७३२ मध्ये सर्बियातल्या मेद्वेजा गावात थडगी उघडून अहवाल लिहिला. काही प्रेतं ताजी दिसत होती, तोंडाशी रक्त होतं. कारण साधं आहे : कुजताना पोटात वायू साठतो, प्रेत फुगतं आणि काळपट द्रव तोंडावाटे बाहेर येतो. कातडी आक्रसते, म्हणून नखं वाढल्यासारखी वाटतात. लोकांनी ते डोळ्यांनी पाहिलं होतं, म्हणून भीती पक्की बसली. ती टिकली मात्र नियमांमुळे, असं माझं ठाम मत आहे. प्रत्येक पिढी नियम बदलते आणि कथा पुन्हा नवी होते. १८९७ च्या ‘ड्रॅक्युला’ कादंबरीत व्हॅम्पायर दिवसाही हिंडतो, फक्त त्याची ताकद घटते, उन्हाने मरणं १९२२ च्या जर्मन मूकपटातून रूढ झालं. म्हणून आधी तुमच्या कथेतले नियम तपासा. जुन्या कथेत सवयीने ‘ऊन लागताच राख झाला’ घातलं, तर पुढचे प्रसंग जुळणार नाहीत.

तेव्हा ‘व्हॅम्पायर’च ठेवा. पहिल्यांदा येईल तिथे ‘थडग्यातून उठून रक्त पिणारा व्हॅम्पायर’, पुढे नुसतं व्हॅम्पायर. रूपं व्हॅम्पायरने, व्हॅम्पायरला. ‘व्हॅम्पायराने’ कानाला खटकतं. बाई असेल तर ‘ती व्हॅम्पायर आली’, बाकी काम क्रियापद करतं. रक्तपिपासू हे विशेषण एखाद्या वेळी चालेल. नाम म्हणून नको, कारण मराठीत तो शब्द जमावाला आणि जुलमी राजाला लागून गेलाय.

कथेत वटवाघूळ असेल तर ‘रक्त पिणारं वटवाघूळ’ असं स्पष्ट लिहा. तसल्या तीनच जाती आहेत, त्याही अमेरिका खंडात. आपल्याकडे वडा-पिंपळावर लटकणारी मोठी वटवाघळं फळं खातात.